सहावी खुर्ची

तिचं नाक लहानपणापासूनच तिखट. शेजारच्या घरात दूध करपलं तरी पहिली हिला खबर. "हिला शाळेत कशाला घालता? पोलिसांत कुत्र्याच्या जागी भरती करा," असं तिचा काका म्हणायचा. पुढे या नाकानंच तिला नोकरी मिळवून दिली. तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर करणारा कारखाना होता. माल डब्यांत भरण्याआधी तो हुंगून, चाखून पास करायला सहा माणसं होती. त्यांतली ती सहावी.

खोली लहानशी, पांढऱ्या फरशीची. भिंतीला लागून ओळीनं सहा खुर्च्या, प्रत्येकीपुढं एक कप आणि एक चमचा. अंगाला वासाचा साबण चालायचा नाही, केसांना तेल नाही. सर्दी झाली तर सांगायचं, मग त्या दिवसापुरती पॅकिंगला रवानगी. प्रत्येकानं आपलं मत कागदावर वेगळं लिहून द्यावं असा नियम होता. पण सहा कागद गोळा करत कोण बसणार? साहेब दारातूनच विचारायचे, "काय मंडळी?" आणि जुन्यापासून नव्यापर्यंत एकेक जण तोंडानं सांगायचा.

पहिल्या खुर्चीवर भाऊ बसायचे. वीस वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांनी एकदा "ठीक" म्हटलं की ते "ठीक" घसरगुंडीवरून सुटल्यासारखं पाचव्या खुर्चीवरच्या चष्मेवालीपर्यंत यायचं आणि तिथून हिच्या मांडीवर पडायचं.

"तू म्हणजे नुसता शिक्का गं," चष्मेवाली चिडवायची. "शाई आमची, ठप्पा तुझा."

नोकरीला चार महिने झाले असतील. एका सकाळी तिनं कप नाकाशी नेला आणि हात तिथंच थांबला. ओल्या लोखंडासारखा वास. आणि त्याच्यामागं लपलेलं काहीतरी कडवट, टाक्या धुवायच्या औषधासारखं. अगदी पुसट, पण होतं.

"ठीक," भाऊ म्हणाले.

दुसऱ्यानं री ओढली. तिसऱ्यानं, चौथ्यानंही. चष्मेवालीनं क्षणभर कपात पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "ठीक."

भीती वाटली असती तर एक वेळ बरं होतं. तिला वाटली ती लाज. पाच मुरलेली माणसं एक सांगताहेत आणि काल आलेली ही उठून नाक मुरडणार? साहेबांची नजर घड्याळाकडं होती. "तुमचं काय, बाई?"

"ठीक," ती म्हणाली. इतक्या सहज, की तिला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं.

महिनाअखेर प्रत्येकाला एक डबा घरी न्यायला मिळायचा. त्या महिन्याचा डबा त्याच मालातला निघाला. तळाचा नंबर तिनं दोनदा वाचला. घरी दहा महिन्यांची लेक रांगत पायाशी आली. सासूबाई आतून म्हणाल्या, "आणलास का गं डबा? कालपासून संपलंय."

"आणला."

तिनं झाकण उघडलं. तोच वास. तिनं अख्खा डबा मोरीत ओतला, पाणी सोडलं, दुकानातून दुसऱ्या कारखान्याची पावडर आणली आणि जुना डबा घासून त्यात भरून ठेवली. कुणाला पत्ता लागला नाही. लेक चाटूनपुसून प्यायली.

हे ओतणं तिला पुढं आयुष्यभर पुरलं. मला नक्की कळलं नव्हतं, असं ती जगाला सांगू शकली असती. मोरीला कसं सांगणार?

तीन आठवड्यांनी भाऊंचा मुलगा दवाखान्यात दाखल झाला. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेलं मूल, सात महिन्यांचं. काही केल्या पोटात ठरेना, अंग नुसतं कापसासारखं झालेलं. पाचही जण संत्री घेऊन भेटायला गेले. भाऊ बाकावर बसले होते, दाढी वाढलेली. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"आपल्या डब्याचं तर नाही ना रे काही?"

"छे हो, भाऊ!" दुसरा म्हणाला.

"पाण्याचं असेल," तिसरा म्हणाला. चौथ्यानं मान डोलावली. "हवा बदललीय किती," असं चष्मेवाली म्हणाली.

मग भाऊ तिच्याकडं वळले. तिच्या हातात संत्र्यांची पिशवी होती. "पाण्याचंच असणार, भाऊ," ती म्हणाली.

मूल दोन महिन्यांनी घरी आलं. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. कारखान्यात कुणाची तक्रार आली नाही, निदान त्यांच्या खोलीपर्यंत तरी नाही. फक्त एका रविवारी टाकीची नळी गुपचूप बदलली गेली. तेव्हापासून पेपर हातात आला की ती आधी लहान बाळांच्या बातम्या शोधायची. बसमध्ये एखादं मूल किरकिरायला लागलं की दोन स्टॉप आधीच उतरायची. लेकीचा ताप उतरला की इतर आयांना हायसं वाटतं. हिला वाटायचं, आपल्या लेकीचा उतरला, कुणाच्या तरी लेकराचा नसेल उतरला.

सव्वीस वर्षं नोकरी झाली. सरकत सरकत ती पहिल्या खुर्चीपर्यंत पोचली. निवृत्तीनंतर एकदा दातांच्या दवाखान्यात चष्मेवाली भेटली. कवळीच्या चेष्टा झाल्या, नातवंडांचे फोटो झाले. मग आवाज खाली आणून चष्मेवाली म्हणाली, "एक विचारू? तो डबा... त्या महिन्याचा. तू काय केलंस त्याचं?"

हिनं आधी आजूबाजूला पाहिलं. "ओतला. मोरीत."

"मी उकिरड्यावर." चष्मेवालीनं चष्मा काढून पदरानं पुसला. पुसतच राहिली. "दुसऱ्या खुर्चीवाल्यानंही टाकला होता, मरायच्या आधी बोलला मला. तिसऱ्यानं, चौथ्यानंही टाकलाच असणार, दुसरं काय?"

"मग भाऊंनी?"

चष्मेवालीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. तेवढ्यात तिचा नंबर आला.

त्यानंतर आठ दिवस ती आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. नवव्या दिवशी ती भाऊंच्या घरी गेली. दार त्यांच्या मुलानं उघडलं. तिशीला आलेला, पण शर्ट हँगरला लटकावा तसा अंगावर लटकलेला. "या मावशी," म्हणून त्यानं खुर्ची ओढून दिली आणि चहा टाकायला आत गेला.

भाऊ पलंगावर बसले होते. ती इकडतिकडचं काही बोललीच नाही. बोलली असती तर पुन्हा जमलं नसतं.

"भाऊ, त्या दिवशी मला वास आला होता. मी ठीक म्हटलं. घरी जाऊन माझा डबा ओतला. आम्ही सगळ्यांनी ओतला. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले मी."

भाऊंनी पायांतल्या चपला काढून पलंगाखाली सारल्या. ती शिव्यांची वाट पाहत होती. दोन खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला सर्दी होती गं," ते म्हणाले.

"काय?"

"चोंदलेलं होतं नाक. पोरगं घरात, रात्र रात्र जागरण. पहिल्या खुर्चीवरून उठून पॅकिंगला जायचं म्हणजे... सगळ्यांदेखत. म्हटलं, काय बिघडतंय? माझ्यामागं पाच नाकं आहेत. काही असलं तर एखादं बोलेलच." ते हसल्यासारखं काहीतरी करून थांबले. "पाचही जण ठीक म्हणालात. म्हणून तर डबा न हुंगता, विश्वासानं पाजलं त्याला."

आतून कपबशांचा आवाज आला. मुलगा ट्रे घेऊन बाहेर आला, पहिला कप तिच्यापुढं धरला. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचा हात कप आधी नाकाशी घेऊन गेला.

त्याचं लक्ष तिच्याकडंच होतं. "ठीक झालाय ना, मावशी?"

चहा चांगलाच झाला होता. पण तो एक शब्द काही तिच्या तोंडून फुटेना.