आठवं गाणं

माझ्या बायकोला हे माहीत नाही. बहिणीला तर मुळीच नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याच्यासमोर मी आठवड्यातून दोनदा बसतो, चहा पितो — आणि सांगत नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धाडस वगैरे काही नाही.

आधी धंदा सांगतो, म्हणजे माणूस कळेल. कर्वेनगरला माझं दुकान आहे. जुने स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, गिटारी घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. कार्यक्रमांना साउंड लावायचा. कुणाच्या आधाराशिवाय उभं केलेलं दुकान आहे. घासाघीस मला मनापासून आवडते. समोरच्यानं किंमत सांगितली की मी नुसता हसतो, तेवढ्यानं निम्मे लोक खाली येतात. रागही लवकर येतो. एका गिऱ्हाइकाला मी त्याच्या गिटारीसकट रस्त्यावर काढलेलं आहे.

आणि मी मेटल ऐकतो. कर्कश गिटार, दोन्ही पायांनी बडवलेला ड्रम, घशाच्या तळातून काढलेली गुरगुर — शेजारी ज्याला भांडण समजतात ते संगीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सात जण दुकानाच्या मागच्या खोलीत जमतो, वडापाव खातो आणि मोठ्या आवाजात मेटल ऐकतो.

वर्षातून एका रविवारी मात्र मेटल बंद. त्याला आम्ही ‘बाहेरचा रविवार’ म्हणतो. प्रत्येकानं मेटलच्या बाहेरचं आपलं सगळ्यात आवडतं गाणं आणायचं. एकच. आठवडाभरात केव्हाही दुकानात येऊन माझ्या कॉम्प्युटरवर टाकून जायचं — नाव पुसून, नुसता आकडा देऊन. रविवारी मशीन मनाला येईल त्या क्रमानं वाजवतं. गाणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग ओळखायचं, कुणाचं. ज्याचं असेल त्यानं हात वर करायचा आणि ते का आवडतं ते सांगायचं. नियम सगळे मीच केलेले. त्या दिवशी काय काय निघतं, तुम्हाला खरं वाटणार नाही. कोथरूडला गणिताचे क्लास घेणारे आमचे एक सर आहेत, बोटांत कवट्यांच्या अंगठ्या. त्यांनी एकदा अंगाई आणली होती. का आवडते ते सांगताना त्यांना बोलता येईना. आम्ही सहा काळे टी-शर्ट खाली मान घालून बसलो होतो.

हे सगळं सांगतो आहे, पण मुद्द्यावर येत नाही, हे माझ्या लक्षात येतं आहे. गिऱ्हाईक असं करायला लागलं की मी त्याला सरळ विचारतो — घ्यायचंय का नाही?

तर मग बाबा. माझे बाबा कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतं गायचे. त्यांची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, दोन कोरसवाले. येरवड्यापासून दौंडपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथे जायचे. कुणी टेम्पो पाठवला तर टेम्पोनं, नाहीतर एसटीनं. मला त्यांचा राग आहे. ‘होता’ लिहिणार होतो, पण आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मी पहिल्यांदा स्टेजवर गिटार वाजवली. पहिल्या रांगेतली खुर्ची मी त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. त्यांना खडकीचा कार्यक्रम आला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “अरे, तिथं लोक वाट बघत होते.” लोक! मी कोण होतो मग? हे मी सूट मागायला सांगत नाही. लोक किंमत पाडण्याआधी रडगाणं लावतात, ते मला रोज ऐकावं लागतं.

बाबांच्या पार्टीची एकच कॅसेट निघाली. त्यात एक गाणं आहे — जन्मभर अंगठा उमटवलेली आई लेकीकडून पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकते, त्याचं. चाल बाबांची, आवाज बाबांचा. गाण्याआधी निवेदक बाबांचं पूर्ण नाव घेतो, मग ‘आणि पार्टी, येरवडा’. मेटल सोडून जगातलं माझं सगळ्यात आवडतं गाणं तेच आहे. राग असूनही? हो, असूनही.

माझ्या मंडळात हे कुणाला माहीत नव्हतं. पुण्यात आडनाव ऐकलं की लोक मनातल्या मनात तुमचं घराणं ठरवून टाकतात. माझं आडनाव दोन्हीकडे चालतं. त्यांनी चुकीचं ठरवलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. वीस वर्षं नाही. आमच्यातल्या सुशांतचं तसं नाही; त्याचं आडनाव ऐकल्यावर पुढचं कुणाला विचारावं लागत नाही. सुशांत आमच्यात सगळ्यात लहान, सरकारी कचेरीत नोकरीला, स्वतःचा बँड आहे; आठवड्यातून दोनदा तरी दुकानात चहाला येतो. त्याच्या खोलीत बुद्धाची तसबीर आहे आणि खाली ड्रमचे सुटे भाग. तो काही लपवत नाही.

एका वर्षी बाहेरच्या रविवारी मला ते गाणं चांगल्या स्पीकरवर, कान असलेल्या माणसांसमोर ऐकायचं होतं. म्हणून मी काय केलं? धंद्यात करतो तेच. दोन भाव ठेवले. एक गाणं टाकलं सुरक्षित — कुठल्याशा परदेशी माणसाचं संथ पियानोवादन. आणि दुसरं बाबांचं. ज्याला दाद मिळेल त्याला हात वर करायचा, असं ठरवलं. बाबांचं टाकताना सुरुवात कापली, निवेदकाचा आवाज गेला. बाबांचं नाव माझ्या हातानं, माउसनं, मी कापून टाकलं. फार तर अकरा सेकंद असतील.

रविवारी पियानो तिसरा आला. सगळे खूश. सर म्हणाले, “वा, हे कुणाचं?” माझा हात वर गेला होता. खोलीतल्या अंधाराबद्दल, एकटेपणाबद्दल मी काहीबाही बोललो.

सहावं गाणं लागलं. हार्मोनियम, मग तो जुन्या स्टुडिओतला स्वस्त घुमारा, मग बाबा. दोन ओळी झाल्या नसतील, बँकेतला अनिकेत फसकन हसला. नियम माझाच होता, गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही. मी काही म्हणालो नाही.

“अरे, हे तर आमच्या चौकात जयंतीला लावतात!” अनिकेत म्हणाला आणि सुशांतकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. त्यात कुणाला काही वाईट करायचं नव्हतं. हिशोब सोपा होता, एवढंच.

“माझं नाही,” सुशांत म्हणाला.

कुणीतरी म्हणालं, “सोड ना यार, आपल्यात काय लपवायचं?”

“अरे, माझं नाहीये. खरंच.”

आणि मी बोललो. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. आतून राग उसळला होता — कुणावर, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी म्हणालो, “काय रे, लाज वाटते का आपल्या गाण्याची? एवढं आवडतं तर हात वर करायला काय जातं तुझं?”

हे मी म्हणालो. मी.

सुशांतनं माझ्याकडे बघितलं. बाबा दुसरं कडवं गात होते. मग त्यानं हात वर केला आणि शांतपणे म्हणाला, “बरं. माझं आहे. आता गप ऐका जरा.” सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

पुढे गंमत झाली. आठवं गाणं लागलं, जुनी गझल, आणि हात वर करायला कुणी उरलंच नाही. सातही जणांचं झालेलं. अनिकेतनं मोजलं, “सात माणसं, आठ गाणी. कुणीतरी दोन टाकली.” गझल सुशांतची होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, “तेही माझंच.” त्यावर नियम करणारा या नात्यानं मी त्याला दंड ठोठावला — पुढच्या महिन्याचे वडे त्याच्याकडून. “नियम म्हणजे नियम, साहेब,” असंही म्हणालो. सगळे हसले. त्यानं वडे आणले. चटणीसकट.

माझी कबुली इथेच संपली असती तर मी ती लिहिली नसती. एवढं पाप पचवता येतं.

काही दिवसांनी सुशांत दुकानात आला. “दादा, ते गाणं द्या मला. कुणी टाकलं ते विचारत नाही. गाणारा कोण, तेवढं सांगा.”

“फोल्डरमध्ये आलं, वाजवलं. मला काय माहीत?”

“सुरुवात कापलीये कुणीतरी. तिथं नाव असणार.”

“असेल,” मी म्हणालो आणि सोल्डरिंगची गन तापवत बसलो.

तो शोधत राहिला. येरवडा सोडून सगळीकडे शोधलं बहुतेक. मग त्याच्या बँडनं ते गाणं त्यांच्या पद्धतीनं बसवलं. चाल जशीच्या तशी, खाली जड गिटार आणि ड्रम. कर्वेनगरच्या एका कॉलेजात दुपारी कार्यक्रम झाला. साउंड माझाच होता. सुशांत माइकवर म्हणाला, “हे गाणं आमचं नाही. मूळ गायकाचं नाव आम्हाला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा, आम्हाला त्यांच्या पाया पडायचंय.” तेवढ्यात त्याच्या माइकचा स्टँड खाली घसरला, म्हणून मी स्टेजवर गेलो, स्टँड वर करून घट्ट पिळला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि परत माझ्या जागेवर आलो. नाव माझ्या जिभेवर होतं का? नव्हतं. मी आवाजाची पातळी बघत होतो.

त्याचा व्हिडिओ फिरला. आठवड्याभरात बहिणीकडे, सुनीताकडे, पोहोचला. बाबा तेव्हा सुनीताकडेच राहायचे, येरवड्याला. पायांनी धड चालता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं. मी रविवारी गेलो तर सुनीता दारातच, “दादा, बाबांचं गाणं! कसली पोरं गातायत बघ! आणि नाव माहीत नाही म्हणतायत. मी खाली लिहूनच टाकते.”

“काही लिहायचं नाही,” मी ओरडलो. ती दचकली. “हे लोक उद्या म्हणतील, हक्क सांगायला आले. असल्या गोष्टी बोलायच्या कशा, ते मला कळतं. मी बघतो.”

बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, “ओळखीचा आहे का रे तो पोरगा?”

“नाही,” मी म्हणालो. “मोठी मंडळी आहेत ती. आपली कुठली ओळख?”

“चाल नीट धरलीये त्यानं,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या कडव्यात मी घाई करायचो. त्यानं नाही केली.” मग सुनीताचा फोन हातात घेऊन त्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. फोन डोळ्यांजवळ धरला. थोडा वेळ बघितला, थांबवला आणि माझ्या हातात दिला. “चहा घे,” म्हणाले.

मी स्क्रीनकडे बघितलं. चित्र थांबलेलं होतं. सुशांत माइकपाशी हसतो आहे आणि त्याच्या खांद्यावर माझा हात आहे. माझा चेहरा स्वच्छ दिसत होता.

मी चहा घेतला. त्यानंतर ते चार महिने होते. मी दर रविवारी जायचो, समोर बसायचो. प्रत्येक रविवारी ते जेवणाचं विचारायचे, दुकानाचं विचारायचे, माझ्या पोरीच्या अभ्यासाचं विचारायचे. त्या गाण्याचं कधीच नाही. समोरचा माणूस घासाघीस करायचा थांबला की त्याचा अर्थ काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

ते गेल्यावर सुनीतानं विचारलं, “त्या पोरांना कळवलं होतंस ना?” मी म्हणालो, कळवलं होतं, उत्तर आलं नाही. तिला ते खरं वाटलं. तो व्हिडिओ दिसला की ती आजही सुशांतला शिव्या देते, माजोरडा म्हणते. मी ऐकून घेतो.