पूजेतून उचललेली कात्री

क्रोध वाईट, असे मी कीर्तनात सांगत आलो. परंतु भुशी गावच्या झुंबरबाईचा क्रोध मी पाहिला आणि त्यापुढे मनोमन हात जोडले.

लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. झुंबरबाई तिथली माळीण. थोरल्या शेठांनी जपानहून मेपलचे वीतभर रोप आणले, त्याला वाढवूनही लहान कसे ठेवायचे ते तिला शिकवले आणि ते वारले. पुढे अकरा वर्षे तिने ते झाड उथळ कुंडीत घडवले. फांदीला तांब्याची तार गुंडाळावी, हळूहळू वळवावे, साल कापू लागण्याआधी तार सोडवावी. वाढता शेंडा नखाने खुडावा, एक वर्षाआड मुळे छाटावी. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली तिरकी ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही. काम सोन्याचे आणि तोंड मात्र विस्तवाचे! "वाकडं जातूस व्हय रं मेल्या? तुज्या बापाचा बंगला हाय का?" असे ती झाडालाच दरडावी. झाडही जणू ऐके. हातभर उंचीत त्याने अरण्याचा डौल धरला होता.

१९३४ सालचा दसरा. बंगल्यातली सारी हत्यारे पूजेला मांडली होती: शेठची बंदूक, मोटारीचा पाना, गडी हौशीरामचा कोयता आणि झुंबरबाईची कात्री. पूजेचे हत्यार त्या दिवशी उचलायचे नाही, हा रिवाज. म्हणून झुंबरबाई सकाळीच घरी गेली.

तिसऱ्या प्रहरी मुंबईचे पाहुणे सोने लुटायला जमले. आपट्याची पाने आणायला हौशीराम लोहगडवाडीच्या रानात गेला होता, तो परतेना. पाहुणे खोळंबले. धाकट्या शेठची नजर मेपलवर गेली. घाटाच्या गारव्याने त्याची पाने तांबूस झाली होती.

"अरे, खरं सोनं तर दारातच आहे!" शेठ हसले.

आणि लुटले! ओरबाडून, हिसडून, फांद्या पिळवटून लुटले. पानाच्या बगलेत पुढच्या वर्षीचा कोंब निजलेला असतो. पानासंगे तोही उपटला गेला. अरे, ज्या हातांनी एकमेकांना 'सोन्यासारखे राहा' म्हटले, त्याच हातांत एका जिवाची सोललेली कातडी होती!

दिवेलागणीला झुंबरबाई झाडाला पाणी घालायला आली. तिने झाड पाहिले. फाटलेल्या जखमा तशाच राहिल्या तर कूज खोडात उतरेल, हे तिला कळले. ती सरळ देवघरात गेली आणि हळदकुंकू लागलेली कात्री उचलून आली.

"झुंबर, ठेव ती! आज हत्यार उचलतात का?"

"पानं उपटताना रिवाज कुटं गेलता, शेठ?"

"देवाचा कोप होईल."

"व्हऊ द्या! देव काय आंधळा हाय? त्यो बगतोय कोन कापतंय आन् कोन वाचवतंय."

"उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"उद्याचं उद्या. आज सरका, उजेड आडतोय."

तेवढ्यात आपट्याचा भारा डोक्यावर घेऊन हौशीराम दारात उभा राहिला. "आन् ह्ये कुटं टाकू आता?"

"घाल तुज्या शेठच्या डोसक्यावर!" झुंबरबाई म्हणाली आणि कापत राहिली. फाटलेला प्रत्येक तुकडा तिने निरोगी लाकडापर्यंत नीट छाटला, शेण-मातीचा लेप दिला. मग कात्री शेठच्या पायाशी आपटून निघून गेली. कीर्तनासाठी आलेला मी ओसरीवर बसलो होतो. जन्मभर बोललेले माझे तोंड त्या घटकेला मुके राहिले, याची लाज मला आजही आहे.

दिवाळीनंतर बंगला बंद झाला. हौशीराम मागचे फाटक उघडे ठेवी. झुंबरबाई रोज येऊन झाडाला पाणी घाली आणि शिव्याही घाली. फाल्गुनात डाव्या बाजूला चार लाल कोंब फुटले. उजवी बाजू कायमची वठली.

चैत्रात शेठ आले, कोंब पाहून वरमले आणि त्यांनी तिला पुन्हा कामावर ये म्हणून निरोप धाडला. ती आली, पण शेठकडे न पाहता कुंडीपाशी गेली आणि वठलेली बाजू शेठच्या आरामखुर्चीकडे वळवली.

"हिरवी बाजू इकडे कर ना," शेठ हळूच म्हणाले.

"ती झाडाची हाय. ही तुमची."

शेठ रोज सायंकाळी कुंडी फिरवत. ती रोज सकाळी पुन्हा तशीच वळवून ठेवी.