मायनं गाणं सोडलं, तो चालीसा

तुम्ही मध्य प्रदेशात, बालाघाटात आमच्या चर्चमध्ये कधी आले असाल, तर माही माय शेवंताबाई तुम्हाले दिसली नसेल, पण ऐकू आली असेल. नक्की! बाहेर सायकल लावता लावता तिचा आवाज कानात शिरे. तिचं अर्धं आयुष्य मलाजखंडले गेलं. बाबा तिथं तांब्याच्या खदानीत डंपर चालवत. तिथली पोट्टे मंडळी म्हणत, "खदानीचा भोंगा बिघडला त शेवंताकाकीले उभं करा, शिफ्ट बदलून जाईन." मायले हे माहीत होतं. राग तर नाहीच, उलट फुगून जाय ती.

बाबा गेल्यावर त्यांची माती आमच्या गावी, बालाघाटले केली, अन् आम्हीही इथंच आलो. मी बस स्टँडजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, अन् मायनं चर्चमध्ये समोरून दुसरा बाक धरला. पास्टरसाहेबांनी गीताचं नाव घेतलं की माय गीत काढे. म्हणजे पहिली ओळ एकटीनं म्हणे, अन् मागून सारं चर्च. मी ढोलकीवर. दुसऱ्या कोणी गीत काढल्याचं मले तरी आठवत नाही. काढाची हिंमतच कोणाची होती?

आता चालीसा म्हणजे काय ते सांगतो. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. आमच्यात जो तो काही ना काही सोडते. मी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडतो, अन् तिसऱ्या दिवसापासून साऱ्या घरावर खेकसतो. उपास माहा, प्रायश्चित्त बायकोचं! माय चहातली साखर सोडे, तेही मोठ्या थाटात. कोणाच्या घरी गेली की कप हाती घ्यायच्या आधी, "मले बिनसाखरेचा, माहा उपास हाय!" अन् खरं सांगू का? तिले गोड कधी आवडतच नव्हतं. लग्नातली जिलबी ती पदरात बांधून माह्यासाठी आणे. हे मी एकदा चारचौघात बोललो, त घरी येऊन तिनं मले चमचा फेकून मारला.

या वर्षी काय झालं, चालीसा लागते त्या राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी पास्टर भोजराजसाहेबांनी सगळ्यांचीच गोची करून टाकली. म्हणाले, "दरवर्षी चहा सोडता, मटन सोडता, ठीक हाय. या वर्षी असं काही सोडा, की तुमच्या सोडन्यानं दुसऱ्याले काही भेटन."

माय त्या दिवशी घरी आली ती गप्प. जेवली गप्प, भांडे घासले गप्प. मी घाबरलो ना भाऊ!

अन् मंगळवारी भरदुपारी ती धापा टाकत माह्या दुकानात. हातात भाजीची थैली, पदर कुठच्या कुठं, तोंडावर असा उजेड की मले वाटलं हिले लॉटरी लागली.

"रव्या, मले भेटलं! बंद कर ते मशीन!"

"काय भेटलं?"

"माहा उपास! अरे, आपली ललिता गाते!"

ललिता म्हणजे माही बायको. बिरसा गावाकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून चर्चमध्ये तिचे ओठ हालत, पण आवाज मी नवरा असून ऐकला नव्हता. मी समजत होतो, हिले येतच नसेल. माय सांगू लागली, की ती बाजारातून लवकर परतली, त मागच्या अंगणात ललिता कपडे धुता धुता आमचं ईस्टरचं गीत म्हणत होती. 'धोंडा सरला, उजाडलं.' येशूच्या कबरीवरचा धोंडा सरकला, त्याचं गाणं. आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेल्या.

"चार कडवे झाले," माय म्हणे, "मले वाटलं, झालं. त पोरगी थांबते कुठं! पाचवं कडवं, रव्या! मले माहीत नाही ते कडवं. मले!" अन् माह्या दुकानात, जळक्या मोटरींच्या मधात उभी राहून मायनं म्हणून दाखवलं:

*पहिलं पाह्यलं बायाइनं, मंग कळलं गड्याइले,*
*रडत गेल्या, हासत आल्या, सांगा जाऊन साऱ्याइले.*

"तिच्या आजीचं असन. काय आवाज हाय रे! मी दाराआड थैली घेऊन रडत उभी होती. मले समजलं, काहून ती चर्चमध्ये म्हनत नाही. मी जागा ठेवली का तिले? माहा आवाज सुरू झाला की बाजूवालीले सोताचा ऐकू येत नाही. म्हनून मी सोडलं. चाळीस दिवस गीत काढनं बंद! जागा खाली झाली, की बसन कोनीतरी."

"अवं मंग तिले सरळ सांग ना, की तू काढ."

"सांगितलं त ती सासूचा हुकूम म्हनून काढन. मले हुकमाचं गाणं नाही पाहिजे. अन् तू जर तिच्याजवळ तोंड उघडलं ना, त याद राख!"

"अन् तिनं नाहीच काढलं त?"

मायचा चेहरा उतरला. थैलीतली मेथी नीट करत म्हणाली, "त पाचवं कडवं तिच्याजवळच राहीन, अन् बाकीचे चार माह्यासंग जातीन. या पोट्ट्याइले मराठी येते कुठं आता?"

पहिला रविवार आला. पास्टरसाहेबांनी गीताचं नाव घेतलं. मी ढोलकीवर हात ठेवून तयार. अन् शांतता! पंखे फिरण्याचा आवाज तेवढा. सारे मायकडे पाहून राह्यले, अन् माय पदराचं टोक तोंडात कोंबून मांडीकडे पाहून राह्यली. मी ललिताकडे पाह्यलं. ती गीताच्या पुस्तकात डोकं घालून बसलेली. काढ ना व, काढ! माह्या छातीत ढोलकीच्या आधी ढोलकी वाजून राह्यली होती. शेवटी मागून मयुरी, आमच्या तरुण संघाची पोरगी, उठली. "पास्टर अंकल, मोबाइल से लगा दूँ क्या?" अन् स्पीकरवर हिंदी गाणं लागलं. चांगलंच होतं ते. पण म्हणालं कोणीच नाही, सारे नुसते ऐकत बसले.

घरी आल्यावर मायनं भांडे असे आपटले, की शेजारी विचारायले आले. म्हणे, "रव्या, साखर सोडनं काहीच नव्हतं गा. हे त जीव काढून राह्यलं. गीत गळ्यापर्यंत येते अन् मी त्याले घोटभर पान्यासंग गिळते."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. आता चर्चमध्ये चर्चा नाही होणार तर काय होईल! शालिकरामकाका, आमच्या पंच मंडळीतले सगळ्यात म्हातारे, ज्येष्ठमध घेऊन घरी आले. मलाजखंडहून जुन्या शेजारणीनं खोकल्याच्या औषधाची बाटली पाठवली. माय ओरडली, "माह्या गळ्याले काही नाही झालं!" अन् ते असं ओरडली, की काकांची खात्रीच पटली. मग लोकांनी डोकं लावलं. गळा ठीक, पास्टरसाहेबांशी भांडण नाही, मंग बाईनं गाणं काहून सोडलं? घरात काही असन. अन् घरात म्हटलं की बोट कोणाकडे जाते? सुनेकडे!

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा, त्याच्या आदल्या दिवशी ललिता नळावरून आली अन् तिनं पाण्यानं भरलेला पितळी गुंड असा ठेवला, की अर्धं पाणी ओट्यावर. डोळे लाल.

"माय, मी तुमाले कधी उलटून बोलली का?"

"नाही व."

"जेवाले नाही देल्लं का कधी?"

"अवं काय झालं?"

"आपल्या चर्चची तुळसाबाई नळावर साऱ्या बायाइसमोर म्हने, सुनेनं सासूचं तोंड बंद केलं! लोक मले खाऊन राह्यले, अन् तुमी चूप! काहून नाही म्हनत तुमी गीत?"

"माहा उपास हाय," माय हळूच म्हणाली.

"हा कोनता उपास? करता तुमी, अन् मार मले!"

मी दारात उभा. सांगून टाकावं म्हणून जीभ वळवळत होती, पण मायनं असे डोळे वटारले, की मी चप्पल घालून बाहेर पडलो. खर्ऱ्याच्या ठेल्यापर्यंत गेलो अन् परत आलो. एवढंच एक पुण्य केलं म्या त्या दिवशी.

परत आलो त माय ओट्यावर बसलेली. "चुकलं माहं, रव्या," ती म्हणाली. "पास्टरसाहेब म्हनले, दुसऱ्याले काही भेटन असं सोडा. तिले काय भेटलं? शिव्या! मोडला माहा उपास. उद्या मीच काढीन गीत. त्या कडव्यापायी पोरीचे हाल नाही पाहवत मले." इतके दिवस दम धरला, अन् आता हे! रडू येऊन राह्यलं होतं खरं सांगतो.

सकाळी साऱ्यांच्या हातात छिंदीच्या, म्हणजे शिंदीच्या, झावळ्या. पोरं एकमेकांले टोचून राह्यलेले. पास्टरसाहेबांनी गीताचं नाव घेतलं. अन् मी पाह्यलं, मायनं पदर तोंडातून काढला. मान वर केली. तिचे खांदे वर गेले, श्वास भरला. आता भोंगा वाजणार!

अन् वाजलाच नाही. त्याच्या आधी बायकांच्या मागच्या बाकावरून एक आवाज निघाला. उंच, टोकदार, रागानं थरथरता. ललिता! उभी होती माही बायको, झावळी तलवारीवानी धरून, डोळे सरळ तुळसाबाईवर रोखलेले, अन् गीताची पहिली ओळ अशी म्हणून राह्यली होती जशी भांडून राह्यली. सुरुवात इतकी वर केली, की मले वाटलं पुढच्या ओळीत पडते. नाही पडली! अरे मी ढोलकीची पहिली थाप चुकलो! तिनं माह्याकडे पाह्यलं, तसा मी शुद्धीवर आलो.

मग चर्च उठलं ना, बाप्पा! इतक्या रविवारांचं साचलेलं सारं बाहेर आलं. अन् माय? मायनं भरलेला श्वास तसाच धरला होता, तो मागून म्हणण्यात सोडला. पण तिले मागून म्हणाची सवय कुठं? सवयीनं अर्धी ओळ पुढं निघून गेली. मागं वळून पाह्यते त ललिताचे डोळे असे, की माय थांबली, अन् लहान पोरीवानी वाट पाहून पुढची ओळ बरोबर उचलली. मी हसून राह्यलो होतो अन् रडूनही राह्यलो होतो, अन् ढोलकी काय वाजत होती!

बाहेर निघाल्यावर तुळसाबाई म्हणे, "बाई, तुले आवाज हाय की व!"

"होता," ललिता म्हणाली. "कोनी विचारलाच नाही."

मायनं तेव्हाही काही सांगितलं नाही. "ईस्टर येऊ दे," एवढंच माह्या कानात.

ईस्टरले पहाटे आम्ही कब्रस्तानात जमतो. आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो, अन् तांबडं फुटलं की 'धोंडा सरला' म्हणतो. चालीसा सुटलेला. पूर्वेकडे उजाडू लागलं, तसे सारे मायकडे वळले. शालिकरामकाका म्हणाले, "शेवंता, काढ आता. कान तरसले आमचे." ललिताही म्हणाली, "हौ माय, काढा. सुटला तुमचा उपास."

माय बाबाच्या कबरीजवळ उभी होती. म्हणाली, "तूच काढ व ललिता. पन पाचही कडवे म्हन."

ललिता थबकली. "पाचवं तुमाले कसं मालूम?"

"भाजीची थैली घेऊन दाराआड उभी होती मी. चालीसा लागाच्या आधी. तूच कपडे धूत होती."

मी पाहून राह्यलो होतो ललिताकडे. तिच्या तोंडावर एकेक रविवार येऊन गेला. ते पदर कोंबणं, ते भांडे आपटणं, ते चूप राहणं. तिले सारं समजलं. "अवं माय!" ती म्हणाली. मग माह्याकडे वळली. "अन् तुमाले बी मालूम होतं?" मी लगेच ढोलकीची दोरी ताणायले बसलो.

तिनं गीत काढलं. या वेळी राग नव्हता, आवाज बराच खाली, भरलेला. चार कडवे सारे म्हणाले. चौथं संपलं, लोकांनी सवयीनं श्वास सोडला, अन् ललिता एकटीच पुढं गेली. *पहिलं पाह्यलं बायाइनं, मंग कळलं गड्याइले.* बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. दुसऱ्यांदा बायकांनी उचललं, तिसऱ्यांदा साऱ्यांनी. शालिकरामकाकाही डोळे पुसत म्हणून राह्यले होते. मयुरी अन् तिची हिंदीवाली पोरंही, तोडकंमोडकं, पण पूर्ण जोरात!

फक्त माय म्हणत नव्हती. डोळे मिटून उभी. ढोलकी वाजवत वाजवत मी सरकत तिच्याजवळ गेलो. "माय, काहून नाही म्हनत? आता त सुटला ना उपास?"

"चूप बस गा, ऐकू दे," ती डोळे न उघडता म्हणाली. "इतके वर्स मीच म्हनत होती. आपलं चर्च कसं म्हनते, ते मले आजवर ऐकूच नाही आलं."

मी ढोलकी जराशी हळू केली.