फ्रिजवरची गोधडी

"फ्रिज झाका."

टीव्हीवाल्या बाई आमच्या घरात शिरल्या आणि पहिलं हे बोलल्या. नमस्कार नाही, काही नाही. माय ट्रेमध्ये सरबत घेऊन समोर आलेली. ती तशीच उभी राहिली.

वारज्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर. गाण्याच्या स्पर्धेत माझी निवड झाली होती. टीव्हीवर प्रत्येकाच्या गाण्याआधी त्याच्या घरची छोटी फिल्म दाखवायचे. ती काढायला ही माणसं आली होती. येणार कळल्यापासून मायला उसंत नव्हती. भिंतींना रंग दिला. नवे पडदे लावले. फ्रिजवर क्रोशाचा रुमाल अंथरला. स्वतः ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली, बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. पाहुणे येणार म्हटल्यावर घर चांगलं दाखवायचं, एवढंच आम्हाला माहीत. आणि इथं तर अख्खा महाराष्ट्र पाहुणा येणार होता.

"अहो, आपण फारच छान आवरलंय," बाई म्हणाल्या. "तेच तर नको होतं आम्हाला."

बाई पुण्याच्याच, नारायण पेठेतल्या. आवाज मऊ, एक शब्द वावगा नाही. त्या मऊ आवाजातच त्यांनी पडदे उतरवले. मायची गोधडी फ्रिजवर टाकायला लावली. मग मायकडे वळून म्हणाल्या, "आणि ताई, साडी बदलाल का? रोजची चालेल. जरा विटलेली."

माय आत गेली. फरशी पुसायला काढून ठेवलेली साडी नेसून बाहेर आली. मला तिच्याकडे बघवेना.

तरी मी गप्प. कारण मला ती स्पर्धा हवी होती. आदल्या वर्षी याच कार्यक्रमात एका रिक्षावाल्याचा पोरगा शेवटच्या फेरीत गेला, तेव्हा सगळी गल्ली आमच्या टीव्हीसमोर बसली होती. ओळख ना पाळख, पण त्याच्यासाठी सगळे मोबाइलवरून मतं पाठवत होते. तो जिंकला तेव्हा माय रडली. आपल्यासारखं कुणीतरी तिथं, त्या उजेडात! माझ्या कॉलेजात मला कोरसमध्ये मागं उभं करायचे. "आधी उच्चार सुधार," म्हणायचे. इथं कुणी उच्चारांवर बोट ठेवलं नाही. परीक्षकांनी डोळे मिटून माझं गाणं ऐकलं. मला वाटलं, हे दार आपल्यासाठी खरंच उघडंय. कुणालाही वाटलं असतं.

"गाणं काय, सगळेच गातात," बाई कॅमेरावाल्याला सांगत होत्या. "स्टोरी लागते."

ती स्टोरी मीच बोलून गेले होते. निवडीच्या वेळी विचारलं, ताल कुणी शिकवला? मी अभिमानानं म्हटलं, बाबांनी, डफड्यावर. माझे आजोबा गावात डफडं वाजवायचे.

आमचं गाव वाशिमकडलं. तिथं डफडं म्हणजे आमच्या जातीच्या माथी मारलेली चाकरी. मालकाच्या घरी लग्न निघालं की आजोबांनी फाटकाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं. सगळ्यांच्या पंगती उठल्या की उरलेलं अन्न खांद्यावरच्या दुपट्ट्यात झेलायचं. हातात कुणी देत नसे, वरून टाकत. बाबांनीही पोरवयात ते केलं. एका लग्नात ते म्हणाले, मलाही पंगतीत बसू द्या. त्यावर मार खाल्ला आणि गाव सोडलं. पुण्यात कारखान्यात लागले. कुणाच्या दारात पुन्हा वाजवणार नाही, ही त्यांची शपथ. डफडं मात्र त्यांनी सोबत आणलं होतं. रविवारी घरात त्याचं कातडं शेकून, माझ्या गाण्याला साथ म्हणून वाजवायचे. तेवढंच.

बाईंनी ते माळ्यावरून काढायला लावलं. आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे एका साहेबांचा बंगला. साहेब सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर. बाईंनी त्यांना आधीच विचारून ठेवलेलं. बाबांनी बंगल्याच्या फाटकाशी उभं राहून डफडं वाजवायचं. साहेबांनी पायरीवरून पोळी टाकायची. बाबांनी ती दुपट्ट्यात झेलायची.

"दादा, दोन मिनिटांचं काम," बाई म्हणाल्या. "लोक ढसाढसा रडतील बघा. मतांचा पाऊस पडेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तुह्या गाण्यासाठी लागते काय हे?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी तो होकार धरला. इस्त्रीचा शर्ट काढला, खांद्यावर दुपट्टा टाकून बनियनवर रस्ता ओलांडला.

पहिल्यांदा ते ताठ उभं राहून वाजवू लागले. "दादा, थोडं वाकून," बाई ओरडल्या. ते वाकले. साहेब हसत पायरीवर आले. पोळी टाकली. दुपट्ट्यात पडली.

"सुंदर! अजून एकदा घेऊ."

कॅमेरा थांबला. साहेब फाटकापाशी आले. इतकी वर्षं येता-जाता "काय हो, बरं आहे ना?" म्हणणारे साहेब.

"अरे, तू वाजवतोस हे माहीतच नव्हतं! पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न आहे. ये की. इथंच फाटकाशी उभा राहा. एकदम ट्रॅडिशनल वाटेल."

कॅमेरा बंद होता. हे नाटक नव्हतं. माणूस मनापासून बोलावत होता.

बाबा तसेच, अर्धवट वाकलेले. गाव मागं टाकायला त्यांना निम्मं आयुष्य लागलं होतं. एका सकाळीत त्यांना परत तिथं नेऊन उभं केलं होतं आम्ही सगळ्यांनी मिळून.

माझं डोकं फिरलं. धावत रस्ता ओलांडला. बाबांच्या हातातलं डफडं घेतलं. ती पोळी उचलून साहेबांच्या फाटकाच्या खांबावर ठेवली.

"शूटिंग बंद."

"अगं, भावना समजतात गं तुझ्या," बाई म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "पण अभिमानाला कुणी मत देत नाही. पुढच्या फेरीत नाव नसेल तुझं."

"गाणं ऐकायचं असेल तर घरात या. नाहीतर गाडी वळवायला पुढं जागा आहे."

गाडी वळली.

घरात येऊन मी आधी फ्रिजवरची गोधडी ओढून काढली. माय त्याच विटक्या साडीत रडत होती. "एवढं चांगलं गात होती वं तू," म्हणाली. त्यानंतर बाबांनी डफड्याला हात लावला नाही. रविवारीसुद्धा नाही. हे कसं भरून निघणार?

माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. तिच्या आईला लोकांची भांडी घासताना दाखवलं. मतं भरपूर पडली.

आता मी हिंजवडीत नोकरी करते. असले कार्यक्रम अजून बघते, खोटं कशाला बोलू? गाणारी पोरं खरी असतात, त्यांची धडधड खरी असते. पण घरची फिल्म लागली की मला गाणं ऐकू येत नाही. मी त्या घराचे कोपरे बघते. कुठं गोधडी टाकलेलं काही उभं आहे का, ते शोधते.

डफडं आता माझ्याकडे आहे. मी ते मंचावर वाजवते, ताठ उभी राहून. ऐकणाऱ्यांनी समोर खुर्चीत बसायचं. फाटकाबाहेर उभं राहून वाजवणं आमच्या घरात संपलं.

आणि पुन्हा कुणी कॅमेरा घेऊन आलं, तर त्याला मी आमच्या घरात शूटिंगचे दिवे लावू देणार नाही. रस्त्यापलीकडे नेईन. त्या पायरीवर लाव म्हणेन. झेलणारे हात लोकांनी खूप बघितले. आता पोळी टाकणारा हात दिसला पाहिजे.