येळवसीचं आवतन

बायको मेल्यावर मी तीन वर्षं अमेरिकेत लेकाकडं राहिलो. घर उबदार, सून चांगली, खायला पोटभर. तरी मार्गशीर्षाची अमावस्या आली की माझा जीव खाली-वर व्हायचा. त्या दिवशी आमच्याकडं येळवस. निलंग्याकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुदिक राहत न्हाई, सगळे शेतात. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडून पुजायचे, आंबट अंबील प्यायची अन् बांधावरनं जाईल त्याला खाऊ घालायचं.

तिकडंबी एकदा मी अंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भिजवून ठेवलं. त्या थंडीत ते आंबलं न्हाई, नुसतं वास मारायला लागलं. सुनेनं नासलं म्हणून ओतून दिलं. तिचं बरोबरच होतं.

यंदा हट्ट करून आलो. लेकानं परतीचं तिकीट काढूनच पाठवलं. मी मनाशी ठरवलं, बायको नसताना आपल्या शेतात येळवस झाली, लोक जेवले, तर हितंच राहायचं. न्हाई तर गप तिकडं जाऊन मरायचं.

पुतण्यानं कोप बांधली. भावजयीनं सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी अन् बाजरीचे उंडे केले. अंबील मात्र मी कुणाला करू दिली न्हाई. बायकोची मातीची बिंदगी माळ्यावरनं काढली, दोन दिवस आधी पीठ भिजवलं. अन् गावातल्या एकेकाला फोन लावला. "येळवसीला बारा वाजता शेतात या. नक्की या."

पूजा झाली, सगळ्या शेताला अंबील शिंपून झाली. बारा वाजले. एक वाजला. ट्रॅक्टर येत होते, जीपा येत होत्या, अन् माझ्या बांधावरनं सरळ पुढं जात होत्या. दुसऱ्यांच्या शेतातलं हसणं मला ऐकू येत होतं. मी बिंदगीपाशी बसून राहिलो. बायकोचा रागच आला मला. मेली, अन् संगट सगळं गाव घेऊन गेली.

शेवटी बांधापलीकडनं शेजारी ओरडला. लहानपणापासूनचा माझा जोडीदार.

"काय रं, बारा वाजता या म्हन्लास? येळवसीला टाइम देतंय व्हय कुनी?"

"तिकडं इच्यारल्याबिगर कुनी कुनाच्या दारात जात न्हाई."

"अन् हितं आवतन दिलं की लोकं म्हन्तात, म्हाताऱ्यानं आपल्याला पावनं करून टाकलं. तुझ्या बायकोनं कवा आवतन दिलं व्हतं?"

खरंच की. ती वाटंवर उभी राहून हाताला धरून वढायची. मी कोपीत बसून वाढायचो.

मी उठलो. बायांनी भरलेला एक ट्रॅक्टर येत होता, त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"उतरा खाली! न्हाई तर टायरची हवा सोडतो!"

ट्रॅक्टर थांबला. बाया लागल्या हसायला. त्यांच्यात माझ्या बायकोची जुनी मैत्रीण होती. ती म्हणाली, "आत्ता आला बया म्हातारा गावात! आट दिस झाले, दुसराच कोन तरी फिरत व्हता."

सगळ्या उतरल्या. मागची जीप मी तशीच अडवली. शेजारी बांध ओलांडून आपल्या घरच्यांना घेऊन आला. कोपीत जागा पुरंना, लोक तुरीच्या सावलीला बसले. मैत्रिणीनं अंबिलीचा घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाय."

"तिच्याबी अंबिलीत कमीच असायचं," मी म्हणालो. "सारा जनम तिला सांगून थकलो."

"म्हनून तर अजून एक गिल्लास दे."

दिवस कलला तेव्हा लेकाचा फोन आला. तिकडं तो नुकताच उठला होता. "दादा, अंबील कशी झाली?"

"मला काय ठावं? माझ्या वाट्याला थेंबबी राह्यला न्हाई. ते तिकीट कॅन्सल कर, अन् ठेव आता, बिंदगी घासायची हाय मला."