कानामागची लव

“हा आपला नाही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला.

मी नुकतीच दारातून आत आले होते. चप्पलही काढली नव्हती. आमचा सात महिन्यांचा कुत्रा कापूस त्यांच्या गुडघ्यांवर पुढचे पाय टेकवून जोरजोरात शेपूट हलवत होता.

“बाबा, कापूसच आहे. आत्ता पार्लरमधून विंचरून आणला.”

“कापूस मऊ होता. हा काथ्या आहे.” ते उठले, भिंतीला हात लावत खिडकीपर्यंत गेले, परत आले. “माझा कुठे आहे?”

माझे बाबा चाळीस वर्षं सोफे भरायचे. जुन्या खुर्च्यांना नवं कापड चढवायचं, कुशनं शिवायची, बसलेल्या स्प्रिंगा उठवायच्या. गल्लीत सगळे त्यांना गादीवाले म्हणायचे. त्याचा त्यांना भयंकर राग यायचा, कारण गादी त्यांनी उभ्या जन्मात भरली नव्हती. काचबिंदूने आधी त्यांना कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. पण बोटं शाबूत आहेत. घरी कुणी आलं की हात हातात घेण्याच्या निमित्ताने बाही चाचपतात. वहिनीच्या वडिलांना पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, की तुमच्या कोटाचं अस्तर नंतर बदललेलं दिसतंय. दादाचं लग्न मोडता मोडता राहिलं.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकांकडे जायची. सोफ्याचं कापड उन्हाने विटलेलं, बसून बसून झिजलेलं असायचं, आणि गिऱ्हाईक हटून बसायचं, मूळचं होतं तस्संच पाहिजे. मूळचं कसं होतं ते मात्र घरात कुणालाच आठवायचं नाही. मग बाबा बैठक आणि पाठ यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालायचे. आधी चमचे, बटणं, बिस्किटांचा चुरा असं काहीबाही बाहेर यायचं. मग ते आतलं कापड चिमटीत ओढून दाखवायचे. “हे बघा तुमचं मूळ. जिथे कुणी बसत नाही तिथे शोधायचं.”

जगाच्या बसण्याची सोय करणारा हा माणूस स्वतः कधी स्वस्थ बसला नाही. नजर गेल्यावर तर पायाला भिंगरीच लागली. तीन खोल्यांमध्ये सकाळपासून येरझाऱ्या. घरातल्या सहा खुर्च्या आळीपाळीने उसवायच्या आणि पुन्हा भरायच्या. आम्ही जेवायला बसताना आधी बघतो, आज कुठल्या खुर्चीला बैठक आहे. मला याची सवय झालीय असं मी सगळ्यांना सांगते. झालेली नाही. त्या पावलांच्या आवाजाने माझंही डोकं भणभणतं.

आता त्यांनी माझ्यावर अविश्वास का दाखवला, तेही सांगून टाकते. लपवून ठेवण्यासारखं नाही, म्हणजे होतं, पण एकदा लपवलं तेवढं पुरे झालं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं शेवटचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात आमची म्हातारी कुत्री गेली. डॉक्टर म्हणाले होते, यांना रडू देऊ नका. मी आणि दादाने ठरवलं, सांगायचं की ती दादाकडे राहायला गेलीय, तिथे अंगण आहे, मजेत आहे. बाबा रोज फोनवर तिची चौकशी करायचे. एकदा म्हणाले, तिला फोनवर घे. दादाने शेजारच्यांच्या कुत्र्याला डिवचून भुंकायला लावलं. मग रोजच लावायला लागला. असे तीन महिने गेले. एका सकाळी चहा पिता पिता बाबा मला म्हणाले, “ती गेली ना गं? बारा वर्षांत ती एकदाही भुंकली नव्हती. पहिल्याच दिवशी कळलं मला.”

तीन महिने ते आमच्या खोट्याची फोनवरून विचारपूस करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यावर ते पुढे अवाक्षर बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

कापूस मी त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने आणला. आई झिपरी, बाप कोण ते देव जाणे. दोन महिन्यांचा होता. बाबांनी त्याला दोन्ही तळव्यांत धरलं आणि नाव तिथल्या तिथे पडलं. त्या पिल्लाने त्यांना घराबाहेर काढलं. सकाळ-संध्याकाळ पट्टा धरून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायचं आणि परत. परत आल्यावर ते चक्क बसायचे, कापूस मांडीवर, बोटं त्याच्या पाठीवर. अर्धा-अर्धा तास. घरात पावलं वाजायची नाहीत, आणि मी दुसऱ्या खोलीत उगाचच कान देऊन ती शांतता ऐकायची.

मग सहाव्या-सातव्या महिन्यात केसांच्या गुठळ्या व्हायला लागल्या. “विंचर गं त्याला,” बाबा रोज म्हणायचे. मी विंचरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जनावरांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, की काही आजार नाही, पिल्लाची लव सुटतेय आणि खालून मोठेपणीचे केस येताहेत, दोन्ही एकमेकांत अडकतात. पाठीच्या कण्यापासून सुरुवात होते. याचे नवे केस राठ येणार असं दिसतंय. मी हे बाबांना सांगायला हवं होतं. नोकरी, स्वयंपाक, येरझाऱ्या, सगळ्यात राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही. मऊपणा जाणार हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून उद्या सांगू, परवा सांगू करत बसले.

पार्लरवालीने दोन तास खपून सुटलेली सगळी लव काढली, नखं कापली, आंघोळ घातली. गळ्यातला जुना पट्टा लहान होत होता म्हणून मी नेमका त्याच दिवशी नवा घेतला. म्हणजे सकाळी घरातून एक कुत्रा गेला आणि दुपारी वेगळ्या केसांचा, वेगळ्या वासाचा, वेगळ्या पट्ट्याचा कुत्रा घरी आला. बाबांनी आणखी काय समजायचं?

“गाडीखाली आला का?” त्यांनी संध्याकाळी विचारलं. “खरं सांग. मी रडणार नाही.”

“बाबा, शपथ घेऊ का?”

“मागच्या वेळी अंगणाचं वर्णनही छान केलं होतंस.”

माझ्या शब्दाची घरात काडीची किंमत उरली नव्हती, आणि ती मीच घालवली होती. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. बाबांनी ऐकून घेतलं, आभार मानले, आणि फोन ठेवून म्हणाले, “मागच्या वेळीही डॉक्टर तुमच्याच बाजूने होते.”

फिरणं बंद झालं. कापूस दाराशी पट्टा तोंडात धरून उभा राहायचा आणि बाबा त्याला वळसा घालून येरझाऱ्या घालायचे. कुत्रा त्यांच्या मागे, मी कुत्र्याच्या मागे. तो पायाशी निजला तर पाय काढून घ्यायचे. बिस्किट मात्र द्यायचे. “त्याचा काय दोष,” म्हणायचे. रात्रीचं जेवण अर्धं ताटात राहायला लागलं. एका मेलेल्या पिल्लाचं सुतक ते एकटे पाळत होते, आणि ते पिल्लू त्यांच्याच पायात घोटाळत होतं.

चौथ्या दिवशी मी एक अक्कल पाजळली. बाबा आंघोळीला गेले तेव्हा माझं केसांना लावायचं कंडिशनर कापसाच्या पाठीला चोपडलं, धुतलं, टॉवेलने खसाखसा पुसलं. हात फिरवून पाहिला. बऱ्यापैकी मऊ लागला. मी हुरळून गेले. बाबा बाहेर आल्यावर म्हटलं, “आता बघा बरं हात लावून.”

त्यांनी हात लावला. मग हात नाकाशी नेला.

“हा तुझ्या डोक्याचा वास आहे.”

मी ओल्या टॉवेलची घडी घालायला घेतली.

“का लावलंस?”

“तुम्हाला मऊ लागावा म्हणून.”

“म्हणजे पुन्हा तेच,” बाबा म्हणाले. आवाज चढवला असता तर परवडलं असतं. ते हळूच बोलले आणि गॅलरीत जाऊन एक खुर्ची उलटी करून उसवायला बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने रडले, स्वतःच्याच. खरा कुत्रा खोटा ठरवायला मला तासभरही लागला नव्हता.

गॅलरीतून खिळे डब्यात पडल्याचा आवाज येत राहिला. टण, टण, टण. मग थांबला. बराच वेळ आला नाही, म्हणून मी डोकावले. बाबांनी बैठकीचं कापड कडेला उचकटलं होतं आणि आत दुमडलेली पट्टी बोटांनी चाचपत होते. त्यांनीच पूर्वी कधीतरी चढवलेली मखमल होती ती. वरून पार गुळगुळीत झालेली, पण दुमडीत अजून तशीच दाट.

“इकडे ये रे,” ते म्हणाले. मला नाही.

कापूस धावत गेला. बाबांनी पाठीला हात लावलाच नाही. त्याचा डावा कान उचलला, मागच्या खळगीत दोन बोटं घातली आणि तिथेच थांबले. मग उजवा कान. मग पुढच्या पायांच्या बगला.

“आहे,” ते म्हणाले. “हाच आहे.”

कापूस त्यांचं तोंड चाटत होता आणि ते चाटू देत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. थोड्या वेळाने, माझ्याकडे न वळता, त्यांनी विचारलं, “इथलंही जाणार का?”

नाही म्हणणं किती सोपं होतं! जिभेवर आलंही होतं.

“जाणार,” मी म्हटलं. “सगळ्यात शेवटी. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना.”

“बरं. गेलं की सांग मला.”

फिरणं सुरू झालं. बेकरीवाल्याने विचारलं, नवीन कुत्रा का, तर बाबा त्याच्याशी भांडून आले. मी मात्र रोज गुपचूप कापसाचे कान तपासत होते. डाव्या कानामागची लव गेली. मग उजव्या कानामागे बोटभर राहिली. एका रविवारी पाहिलं तर तीही नव्हती, तिथेही राठ केस. सोमवारी सांगेन म्हटलं, नाही सांगितलं. मंगळवारी सकाळी बाबा फिरायला निघाले, पट्टा हातात, तेव्हा एका दमात बोलून टाकलं.

“बाबा, कानामागची लवही गेली.”

“ठाऊक आहे,” ते पायात चप्पल सरकवत म्हणाले. “रविवारीच गेली. तू कधी सांगतेस ते बघत होतो.”

माझा चेहरा त्यांना दिसत नाही ते बरं.

“दोन दिवस लागले तुला,” ते म्हणाले. “मागच्या वेळी तर मलाच तुला सांगावं लागलं होतं.” मग त्यांनी रिकामा हात पुढे केला आणि माझी बाही सापडेपर्यंत हवेत चाचपला. “चल, आज तूही चल बेकरीपर्यंत.”