शेरू, टोनी आणि दौलतभाऊंचं कुलूप

दौलतभाऊ आमच्या धानोऱ्याच्या शाळेचे शिपाई. शाळा सुटली की ते कुलूप लावत, तीन हिसके देत, दहा पावलं जात आणि परत फिरत. "येकडाव पाहूनच येतो, सर!" हे 'येकडाव' रोज पंधरा-वीसदा व्हायचं. आम्ही मास्तर लोक फाटकाशी उभे राहून हसायचो. आता लाज वाटते, पण हसायचो खरे.

मग नातीचं बारसं आलं. लेक राजुऱ्याला दिलेली. भाऊ नवा शर्ट घालून बसमध्ये बसले आणि बस हलायच्या आत खाली उतरले. कुलूप! दुसऱ्या बसमधूनही उतरले. तिसरी बस नुसती पाहिली. शेवटी शाळेच्या पायरीवर बसून रडायलाच लागले. "कुलूप लागलं हाय, हे मले ठाऊक हाय, सर. पण डोस्कं मानूनच नाई राह्यलं!" तिकडून लेक फोनवर कडाडली, "बाबा, बारसं तं हुकलं, आता जावळाले नाई आले, तर मी माहेरात पाय नाई ठेवत!"

मी त्यांना गडचिरोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, हा मंत्रचळाचा आजार आहे, बरा होतो. मेंदूत निरोपांची ने-आण करणारं सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ही गोळी त्यावर काम करते. गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करायची नाही. शिवाय मागं फिरणं हळूहळू कमी करायचं. आणि 'कुलूप लागलं का' असं भाऊंनी विचारलं, तर आम्ही काहीएक सांगायचं नाही.

बाहेर येऊन भाऊ गंभीरपणे म्हणाले, "मंजे डोस्क्यात शेरू अन् टोनी असते. राखणीचे कुत्रे. माहे जरासे भैकले."

मी समजावणार होतो, पण म्हटलं, असू देत कुत्रेच. बरंच केलं म्हणा. दहाच दिवसांत भाऊ वैतागले, "काई फरक नाई, फेकतो गोळ्या!"

"भाऊ, कुत्रं दहा दिवसांत माणसाळतं का?"

"नाई ना!" म्हणत त्यांनी गोळी गिळली.

पुढे फाटकाची दांडी घट्ट धरून, घामाघूम होत ते सांगायचे, "आज टोनी लय भुकून राह्यला, सर. पण मी नाई गेलो मांगं." विसाचे दहा झाले, दहाचे दोन.

जावळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर भाऊंनी बस गाठली. मी पोचवायला स्टँडवर हजर. बस हलली आणि भाऊ अर्धे उठले. पण ते दणकन खाली बसले आणि ओरडले, "शेरू! टोनी! बस खाली!" शेजारच्या माणसानं घाबरून पाय सीटवर घेतले. बस गेली.

परतताना मी शाळेकडे सहज पाहिलं. कुलूप कडीत नुसतं लटकत होतं. चक्क उघडं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी एकटाच खो-खो हसलो आणि डोळेही पुसले. मग कुलूप दाबून लावलं, तीन हिसके दिले. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला, मांडीवर नात भोकाड पसरून होती. कुलपाचं नावही त्यांनी काढलं नाही.

भाऊ आता रिटायर होऊन राजुऱ्यालाच असतात. त्या दिवसाबद्दल मी त्यांना आजवर चकार शब्द बोललो नाही. डॉक्टरीणबाईंनीच बजावलं होतं ना, कुलपाचं काहीएक सांगायचं नाही!